बाहीवरचा बिल्ला

दहावीचा निकाल लागला की वसई रोडपासून विरारपर्यंतचे नाके एका रात्रीत बोलू लागतात. रिक्षा स्टँडच्या डोक्यावर, क्लासच्या जिन्याशी, सोसायटीच्या फाटकावर फलक लागतात. त्यांवर मुलींचे हसरे फोटो असतात आणि फोटोखाली ठळक अक्षरांत टक्के. हे फलक वाचायला मला मनापासून आवडते. आमच्या लहानपणी मुलीचा फोटो घराबाहेर जायचा तो लग्न जुळवण्यासाठी. आता तो तिच्या अभ्यासासाठी चौकात झळकतो, हे काय थोडे झाले? दहावीच्या निकालात मुली वर्षानुवर्षे मुलांच्या पुढे आहेत, त्याची ही नाक्यानाक्यावरची दवंडीच म्हणायची.

पण या गर्दीत मी एक फलक शोधत असते आणि तो मला क्वचितच सापडतो. ‘अमुक अमुक हिला गाईड विभागाचा राज्य पुरस्कार मिळाल्याबद्दल अभिनंदन’ असा तो फलक. असा पुरस्कार असतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते म्हणतात, ‘हां, ते स्कार्फबिर्फ घालून परेड करतात ते ना?’ वसईच्या एका शाळेत मी पंचवीस वर्षे भूगोल शिकवला आणि शनिवारच्या दुपारी गाईडचे पथक चालवले. त्यामुळे हा प्रश्न मला अनेकदा हसतमुखाने ऐकून घ्यावा लागला आहे. आज त्याचे जरा सविस्तर उत्तर द्यावे म्हणते.

सोपानाच्या पायऱ्या

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेत मुलींसाठी वयाप्रमाणे विभाग आहेत. प्राथमिक शाळेतल्या चिमुरड्या ‘बुलबुल’, साधारण दहा ते सतरा वर्षांच्या मुली ‘गाईड’ आणि त्यापुढच्या तरुणी ‘रेंजर’. बुलबुलांचे पुरस्कारही नावासारखेच गोड आहेत. कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि शेवटी हीरक पंख. मुलगी गाईड झाली की पंख जातात आणि पायऱ्या येतात. आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान. त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. राज्य पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राज्यपालांची स्वाक्षरी असते, तर सर्वोच्च पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर राष्ट्रपतींची.

या शिडीचे वैशिष्ट्य असे, की तिथे उडी मारता येत नाही. प्रत्येक पायरीवर काही महिने काढावेच लागतात. गाठी मारता आल्या पाहिजेत, जखमेला पट्टी बांधता आली पाहिजे, नकाशा वाचता आणि काढता आला पाहिजे, चूल पेटवून चार जणींना पुरेल एवढे रांधता आले पाहिजे, तंबू उभारता आला पाहिजे. शिवाय सेवेचे काम आणि निरनिराळ्या विषयांतले प्रावीण्याचे बिल्ले. मग चाचणी शिबिर. तिथे परीक्षक बाहेरच्या असतात. आपल्या बाईंची लाडकी विद्यार्थिनी म्हणून तिथे कोणी गुण देत नाही.

हिशेब साधा आहे. मुलगी पाचवी-सहावीत पथकात आली तर शाळा संपेपर्यंत वरच्या पायरीला हात लावू शकते. आठवीत आली तर मध्येच कुठेतरी दहावीचे वर्ष आडवे येते. म्हणजे या पुरस्काराचा निर्णय मुलगी दहा-अकरा वर्षांची असताना घरातल्या मोठ्यांनी घेतलेला असतो, बहुतेक वेळा नकळत. ‘शनिवारी दुपारी पथकाला जाऊ दे’ असे म्हणून, किंवा ‘शनिवारी क्लास आहे’ असे म्हणून.

नाव आपल्याकडचेच

हे सगळे साहेबाचे खूळ, असे म्हणणारेही भेटतात. खूळ साहेबाचे खरे. पण मुलींनी ते साहेबाकडून मागून घेतले, हा भाग सांगायचा राहून जातो. रॉबर्ट बेडन-पॉवेल हे लष्करी अधिकारी. लष्करातल्या उमेदीची काही वर्षे त्यांनी हिंदुस्थानात काढली होती. १९०७ साली त्यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर घेतले. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि गावोगाव मुलांच्या टोळ्या तयार झाल्या. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो स्काऊट मुलांचा मेळावा भरला. तिथे काही मुली, कोणी बोलावलेले नसताना, हातात काठ्या घेऊन दाखल झाल्या. ‘तुम्ही कोण?’ तर म्हणे, ‘आम्ही गर्ल स्काऊट.’ पुस्तक वाचून त्यांनी आपापल्या टोळ्या आधीच बांधल्या होत्या!

साहेबाला त्यांची दखल घ्यावी लागली. १९१० साली मुलींची वेगळी संघटना निघाली. तिची जबाबदारी बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्याकडे आली. नाव काय द्यायचे? वायव्य सरहद्दीवर, पेशावर-खैबरच्या मुलखात, १८४६ साली उभारलेले ‘कोअर ऑफ गाईड्स’ नावाचे हिंदी सैन्याचे एक पथक होते. वाट काढणारे, कशालाही तयार असणारे शिपाई म्हणून त्याचा लौकिक होता. त्या पथकावरून मुलींच्या संघटनेला ‘गाईड’ हे नाव मिळाले. म्हणजे लंडनच्या मुलींच्या बाहीवर जे नाव चढले ते आपल्याच मुलखातून गेले होते.

दुसऱ्याच वर्षी, १९११ साली, जबलपूरला हिंदुस्थानातले पहिले गाईड पथक निघाले. मात्र सुरुवातीला हा खेळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरता होता. आपल्या मुलामुलींसाठी दार उघडावे म्हणून ॲनी बेझंट यांच्यासारख्यांना स्वतंत्र संघटना काढाव्या लागल्या. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या धारा एकत्र आल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटना तिच्यात सामील झाली.

या तारखेला मी फार महत्त्व देते. तेव्हापासून आपल्याकडे मुलगा आणि मुलगी एकाच संस्थेत आहेत. पायऱ्या समान आहेत, नियमांची नऊ कलमे समान आहेत आणि सर्वोच्च पुरस्कारावरची स्वाक्षरीही एकाच राष्ट्रपतींची आहे. अमेरिकेत १९१२ पासून मुलींची गर्ल स्काऊट ही वेगळी संघटना आहे, तिचे स्वतःचे मानाचे पुरस्कार आहेत. पण मुलांच्या संघटनेतला ‘ईगल स्काऊट’ हा गाजलेला किताब मिळवण्याची वाट तिथल्या मुलींना मोकळी झाली ती २०१९ साली. २०२१ च्या फेब्रुवारीत हजाराच्या घरात मुलींची पहिली तुकडी ईगल स्काऊट झाली, तेव्हा तिकडे त्याचे केवढे कौतुक झाले! आपल्या मुलींसाठी ही शिडी कितीतरी आधी लावून ठेवलेली आहे. चढणाऱ्या मात्र कमी आहेत.

आईची गाठ, मुलीचा बिल्ला

पथक चालवायला वसईसारखी जागा नाही. समुद्र आहे, तुंगारेश्वरचा डोंगर आहे, जीवदानीच्या पायऱ्या आहेत आणि किल्ला आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकलेला हा किल्ला इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत उरकतो. माझ्या मुलींनी तो काठीने मोजला. एक मीटरची काठी उन्हात उभी करायची, तिची सावली मोजायची. ती ऐंशी सेंटिमीटर भरली आणि तटाची सावली चार मीटर भरली, तर तट किती उंच? पाच मीटर. वर्गात ज्या मुलीला प्रमाणाची गणिते पाहून घाम फुटायचा तिने तटाखाली उभे राहून हे उत्तर मला ओरडून सांगितले आहे.

पण या कामात सर्वांत मोठा धडा मला पाचूबंदरच्या एका कोळणीने दिला. तिची मुलगी सहावीत होती, पथकात नवीन. मी मुलींना ‘शीट बेंड’ नावाची गाठ घरी सराव करायला सांगितली होती. जाडीला वेगवेगळे असे दोन दोर जोडायला ही गाठ वापरतात. सोमवारी मुलगी आली ती हसतच. म्हणाली, ‘बाई, आई म्हणते, या गाठीचा बिल्ला मिळत असेल तर मला गोणीभर द्या.’

मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बसून त्या बाई फाटलेले जाळे सांधत होत्या. बोलता बोलता बोटे चालली होती, नजर जाळ्यावर नव्हतीच. जवळून पाहिले तर जाळ्याचा प्रत्येक डोळा ज्या गाठीने बांधला जातो ती गाठ म्हणजे आमची शीट बेंडच. इंग्रजी नावाने मी जी फळ्यावर काढून दाखवत होते ती या बाईंनी आयुष्यात लाखो वेळा मारली होती. त्यांच्या आईने मारली होती, आजीने मारली होती. त्यांना कुणी कधी बिल्ला दिला नव्हता.

पुढच्या शनिवारी त्यांनाच पथकात शिकवायला बोलावले. लाजत लाजत आल्या, ‘मी काय शिकवनार बाई’ म्हणत. आणि वीस मिनिटांत त्यांनी बत्तीस मुलींच्या हातात गाठ बसवली. त्यांची मुलगी त्या दिवशी ज्या ताठ मानेने बसली होती, तेवढी ताठ मान मी पुढे तिच्या तृतीय सोपानाच्या वेळीही पाहिली नाही.

तेव्हापासून मी मुलींना सांगू लागले, की बिल्ला म्हणजे फार काही नवीन मिळवल्याची खूण नव्हे. आपल्या घरातल्या बायका जे मुकाट्याने करत आल्या त्याकडे कुणीतरी नीट पाहिले, तपासले आणि ‘हे चांगले जमते’ असे लिहून दिले, असा त्याचा अर्थ. वाडवळ घरातली वाडी सांभाळणारी आजी असो, राजेळी केळी सुकवून सुकेळी करणारी बाई असो, की पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या दादरला नेणारी मावशी असो, त्यांच्या अंगी किती प्रावीण्ये आहेत ती मोजायला बसलो तर बाही पुरायची नाही. त्यांना मिळाले नाही म्हणून मुलींनाही नको, असे मात्र कुणी म्हणू नये.

रात्रीचा प्रश्न

आता अडचणीकडे येते. तृतीय सोपानापर्यंत गाडी बरी चालते. पुढे चाचणी शिबिर येते, आणि शिबिर म्हटले की रात्रीचा मुक्काम. इथे घरोघर दारे बंद होतात.

नालासोपाऱ्याच्या एका चाळीतले वडील मला अजून आठवतात. माणूस सज्जन. टेम्पो चालवायचे. मुलगी हुशार, आपल्या संघाची नायिका. राज्य पुरस्काराच्या शिबिराचे संमतिपत्र त्यांनी घडी घालून परत दिले. म्हणाले, ‘बाई, दिवसा काय शिकवायचं ते शिकवा, मी कधी अडवलं का? पण मुलगी रात्री घराबाहेर राहणार नाही.’

मी म्हटले, ‘दादा, मी स्वतः बरोबर आहे. सगळ्या मुलीच आहेत, बरोबर बायकाच आहेत.’

‘तुमच्यावर विश्वास आहे हो. जगावर नाही.’

या वाक्याला उत्तर नसते. मुलीच्या बापाची काळजी खोटी असते असे मी कधीच म्हटले नाही. ती खरी असते म्हणूनच तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही, व्यवस्थेनेच द्यावे लागते. आम्ही पुढे तेच केले. शिबिराआधी आयांना जागा दाखवायला नेले. संडास-मोरी कुठे आहे, दिवे किती आहेत, रात्री पहाऱ्याला कोण आहे, हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू दिले. आयांच्या मनातला आणखी एक प्रश्न कुजबुजत यायचा, तो महिन्याच्या अडचणीचा. तोही आम्ही उघड बोललो. सामानाच्या यादीत पॅडचे पाकीट चक्क छापून टाकले. दरवेळी एक आई मुक्कामाला बरोबर ठेवली. हळूहळू होकार वाढले. एका वर्षी आठ जणींच्या संघातून तिघी गेल्या होत्या, दोन वर्षांनी सहा जणी गेल्या.

त्या टेम्पोवाल्या वडिलांची मुलगी मात्र गेली नाही. ती राज्य पुरस्काराविना दहावी झाली, पुढे लग्न होऊन नालासोपाऱ्यातच राहिली. २०१८ च्या जुलैत आमच्याकडे जो पाऊस झाला तो वाचकांच्या स्मरणात असेल. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या बंद पडल्या, अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी बाहेर काढले. वीज नाही, पाणी नाही. पाऊस ओसरल्यावर ही मुलगी मला बाजारात भेटली. सहज सांगत होती, त्यांच्या इमारतीत पाणी शिरले तेव्हा तिने काय केले ते. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांची यादी केली, त्यांच्या औषधांची पिशवी आधी वर नेली, मजल्यागणिक एकेका घराला पाणी उकळायचे काम वाटून दिले, एका पोराला जुलाब लागले तर मीठ-साखर-पाण्याचे प्रमाण सांगितले. ‘मजल्यागणिक संघ केले बाई, आपल्या पथकासारखे,’ म्हणाली आणि हसली.

मला अभिमान वाटला आणि चुटपुटही लागली. पुरस्काराचा कागद तिच्याजवळ नव्हता, पण पुरस्कार ज्यासाठी असतो ते सगळे तिच्याजवळ होते.

मग कागद कशाला?

इथे कुणी म्हणेल, गुण अंगी असले म्हणजे झाले, कागद कशाला हवा? हे बोलणे ज्यांच्या घरी दुसरे पुष्कळ कागद आहेत त्यांना शोभते.

विरार पूर्वेच्या एका खोलीत राहणारी माझी दुसरी विद्यार्थिनी. घरात शिकलेले कुणी नाही, ओळखीपाळखी नाहीत. तिची आई घरकाम करायची. पण आईने एकच हट्ट धरला. ‘बाई म्हणतील तिथे ती जाईल.’ मुलगी शिबिरांना गेली, राज्य पुरस्कार मिळाला, पुढे राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, मग रेंजर म्हणून काम करत राहिली. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी भरतीच्या काही जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा प्रौढ प्रशिक्षकांचा हिमालय वुड बॅज लागतो, शिवाय चळवळीत सलग पाच वर्षांचे काम आणि राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या मेळाव्यांतला सहभाग. जागा मोजक्याच असतात, परीक्षाही द्यावीच लागते. तिने ती दिली. आज ती रेल्वेत आहे. ज्या विरार लोकलच्या दाराला लोंबकळत तिची आई कामाला जायची त्याच रेल्वेची नोकरी तिने बाहीवरच्या बिल्ल्यांच्या आधाराने मिळवली.

दोघी मुली सारख्याच हुशार होत्या, सारख्याच कष्टाळू. एकीला चार रात्री मिळाल्या, दुसरीला मिळाल्या नाहीत. फरक एवढाच. म्हणून मी म्हणते की पुरस्कार हा मिरवायचा दागिना नाही. श्रीमंताच्या मुलीला तो शोभा देईल, पण जिच्यामागे कुणी उभे नाही तिच्यासाठी तो साक्षीदार आहे. ‘या मुलीला आम्ही तपासले आहे, हिच्यावर काम सोपवा,’ असे तो अनोळखी माणसाला सांगतो.

खरी कमाई आणि खोटी

साक्षीदार म्हटले की तो खोटाही निघू शकतो. ही बाजूही सांगितली पाहिजे.

दहावीला पुरस्काराचे सवलतीचे गुण मिळतात, हे कळल्यापासून काही पालकांची चौकशी बदलली. ‘बाई, काय करावं लागेल?’ हा प्रश्न ‘बाई, किती दिवसांत होईल?’ असा झाला. नोंदवह्या पाहाव्या तर अक्षर आईचे, चित्रे दुकानातली, आणि मुलीला विचारावे तर भाजल्यावर आधी काय करायचे ते सांगता येत नाही. ‘खरी कमाई’ हा आमच्याकडचा सुंदर उपक्रम. मुलींनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे आणि चांगल्या कामाला द्यायचे. त्यातही घरून नोट आणून ‘ही माझी कमाई’ असे सांगणाऱ्या मुली येऊ लागल्या. दोष मुलींचा नव्हे. त्यांना वाटते, नोट महत्त्वाची.

अशाच एका खऱ्या कमाईच्या दिवशी नायगावच्या एका मुलीला मी विचारले, ‘तू काय केलंस ग?’ तर म्हणाली, ‘बाई, रविवारी मी आईबरोबर बाजारात मासळी विकायला बसते. माझी तर दर आठवड्याला खरी कमाई असते. ती धरायची का?’ मी पथकापुढे तिला ते पुन्हा सांगायला लावले. भाव कसा करायचा, सुटे पैसे कसे सांभाळायचे, गिऱ्हाईक चिडले तर काय बोलायचे, हे सगळे तिने सांगितले. घरून नोटा आणलेल्या मुली माना खाली घालून ऐकत होत्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघींनी कागदी पिशव्या करून वाण्याला विकल्या. आठवडाभर खपून हातात पडले तेवढेच पैसे, पण मोजताना चेहरे पाहावेत!

सवलतीचे गुण असू नयेत असे मी म्हणत नाही. गुणांच्या बाजारात मुलीच्या शनिवारच्या दुपारींना काही किंमत मिळत असेल तर मिळू द्यावी. मात्र गुण हा उसाबरोबर एरंडाला मिळणारा पाण्याचा वाटा आहे. पाणी उसासाठी सोडलेले असते, हे विसरू नये.

थोडे आपल्याकडे

माझे पथक सुरू झाले तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक माणसे होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही-आम्ही रोज पाहतोच. एवढ्या माणसांत शाळेत जाणाऱ्या मुली किती असतील! पश्चिमेकडच्या जुन्या गावांतल्या मुली आहेत, नालासोपाऱ्याच्या चाळींतल्या कोकणी आणि उत्तर भारतीय घरांतल्या आहेत, पूर्वेच्या पाड्यांवरच्या आदिवासी मुली आहेत. पाड्यावरच्या मुलीला दिशा ओळखायला आणि चूल पेटवायला कुणी शिकवावे लागत नाही. तिच्यापर्यंत पथक पोचले तर आपल्या शहरी मुली तिच्या हाताखाली शिकतील.

पुण्यात ‘संगम’ नावाचे गाईड चळवळीचे जागतिक केंद्र आहे. सगळ्या जगात अशी केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतले हे आपल्या महाराष्ट्रात. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एकदा मुलींना घेऊन मी तिथे गेले होते. परदेशातून आलेल्या मुलींना इंग्रजीत काय सांगायचे या भीतीने आमच्या मुली गाडीत गप्प होत्या. तिथे गेल्यावर कुणीतरी दोर काढला. गाठीला भाषा लागत नाही. तासाभरात सगळ्या एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्या होत्या.

तेव्हा वाचकहो, मागणे फार मोठे नाही. नवे शालेय वर्ष सुरू झाले की मुलीच्या शाळेत एकदा विचारा, ‘तुमच्याकडे गाईडचे पथक आहे का?’ नसेल तर ‘का नाही?’ असेही विचारा. शाळेला पालकांनी विचारलेल्या प्रश्नाची सवय नसते, म्हणून त्याचा परिणाम होतो. पथक असेल तर शनिवारची दुपार मोकळी ठेवा. नोंदवहीला हात लावू नका, ती तिची तिला वेडीवाकडी लिहू द्या. ज्यांना शिवण, बागकाम, पोहणे, सायकल दुरुस्ती, जाळे विणणे असे काही येते त्यांनी वर्षातून एक दुपार पथकाला द्यावी. बाई एकटी किती पुरी पडणार? बहुतेक शाळांत ती वर्ग, निवडणूक आणि जनगणना सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करते.

आणि शिबिराचे संमतिपत्र घरी येईल तेव्हा लगेच नाही म्हणू नका. आधी जागा पाहून या, बाईंना भेटा, हवे ते सगळे प्रश्न विचारा, वाटल्यास आजीला मुक्कामाला पाठवा. एवढे करून मग सही करा. तुमची मुलगी चार रात्री ताऱ्यांखाली झोपेल, थोडी काळवंडून, घसा बसवून परत येईल आणि पुढचे आठ दिवस तुम्हाला बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची गोष्ट ऐकवत राहील. ऐका. निकाल लागेल तेव्हा टक्क्यांचा फलक लावाच, पण फोटो निवडताना तिला विचारा. बाहीवर बिल्ले असलेला एखादा फोटो तिने नक्की जपून ठेवलेला असेल.